बीएनसीटी म्हणजे काय, आणि गोव्यात बसून त्याची चौकशी कशी करायची

ज्यांच्या घरात तोंडाचा, घशाचा किंवा मानेचा कॅन्सर एकदा ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) घेऊन परत आलाय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. बाकीच्यांनीही वाचा, पण आधीच सांगतो, ज्यांना आत्ता पहिल्यांदाच निदान झालंय त्यांनी हे वाचून ठरलेली ट्रीटमेंट एक दिवससुद्धा पुढे ढकलू नका. मी फोंड्यात फिजिक्स शिकवतो, डॉक्टर नाही. पण नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फाईली घेऊन बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) ते परळचं टाटा हॉस्पिटल असा फिरलोय, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर "जपानात एका दिवसात कॅन्सर बरा" असा मेसेज फिरायला लागल्यापासून लोक मलाच विचारतात, सर खरं काय ते सांगा. तर खरं काय ते सांगतो. तो मेसेज बीएनसीटीबद्दलचा आहे, म्हणजे बोरॉनचं औषध देऊन वर न्यूट्रॉनचा झोत सोडायचा. ट्रीटमेंट खरी आहे, शास्त्र पक्कं आहे, पण आज तिचा उपयोग होईल असे पेशंट थोडे आहेत आणि आपण त्यांच्यात बसतो का हे घरबसल्या बऱ्यापैकी तपासता येतं. तेवढं तपासल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका.

आधी यात नेमकं होतं काय

पूर्ण नाव बोरॉन न्यूट्रॉन कॅप्चर थेरपी. निसर्गातल्या बोरॉनमध्ये दोन प्रकारचे अणू असतात, बोरॉन-११ साधारण ८० टक्के आणि बोरॉन-१० साधारण २० टक्के, आणि इथे कामाचा आहे तो बोरॉन-१०. मंद गतीचा न्यूट्रॉन जवळून गेला की हा अणू तो पकडतो, शरीरातले हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन हे अणू पकडतात त्याच्या कितीतरी पटीने जास्त सहज, आणि पकडल्याबरोबर फुटतो. फुटून एक अल्फा कण आणि एक लिथियमचा कण बाहेर पडतो. आता सगळी गंमत पुढे आहे. अल्फा कण पेशींमध्ये साधारण ९ मायक्रॉन जातो, लिथियम साधारण ५ मायक्रॉन, आणि आपली एक पेशी असते साधारण १० मायक्रॉनची. म्हणजे सगळी ऊर्जा त्याच पेशीत किंवा फार तर शेजारच्या पेशीत संपते, डीएनएच्या दोन्ही बाजू एकदम तुटतात आणि ते पेशीला दुरुस्त करणं फार जड जातं. नेहमीच्या शेकाला दाद न देणाऱ्या, रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाठींवरही म्हणूनच हे चालू शकतं.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नेहमीच्या रेडिएशनमध्ये डॉक्टर जागा ठरवतात, इथे जागा बऱ्याच अंशी औषध ठरवतं. बोरॉन कॅन्सरच्या पेशीत भरपूर आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशीत कमी गेला तरच फायदा. गाठीच्या दर ग्रॅममागे किमान २० मायक्रोग्रॅमच्या आसपास बोरॉन-१० लागतो असं धरतात, आणि चांगल्या पेशींच्या निदान अडीच-तीन पट तरी गाठीत हवा. चांगल्या पेशीत बोरॉन शून्य कधीच नसतो आणि न्यूट्रॉनच्या झोतात थोडे गॅमा किरणही असतातच, त्यामुळे "साइड इफेक्ट अजिबात नाहीत" असं कोणी सांगत असेल तर त्याचं पुढचं ऐकू नका.

इथेच एक महत्त्वाचं. बोरॉन म्हटल्यावर आपल्या लोकांना कॅरमची बोरिक पावडर आणि टाकणखार आठवतो, आणि टाकणखाराची लाही पूर्वी तोंड आल्यावर लावायचे म्हणून काही जण विचारतात की तोच पोटात घेतला तर. नाही, अजिबात नाही. टाकणखार पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते, तो कॅन्सरच्या पेशी निवडून त्यांच्यात शिरत नाही, आणि न्यूट्रॉनचा झोत नसताना बोरॉन नुसता पडून राहतो, कॅन्सरला काहीच करत नाही.

इतिहास थोडक्यात, कारण त्याच्यातून कळतं की याला इतकी वर्षं का लागली. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, त्याचा असा उपयोग होईल ही कल्पना गॉर्डन लोचर यांनी १९३६ मध्येच मांडली. अमेरिकेत ब्रूकहेवनला १९५१ पासून मेंदूच्या गाठीच्या पेशंटवर प्रयोग झाले, पण तेव्हाची बोरॉनची संयुगं (त्यात बोरॅक्सही, म्हणजे आपला टाकणखारच, होता) रक्तातच जास्त राहायची, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि डोक्याची कातडी भाजायची, आणि १९६१ च्या सुमाराला तिथलं काम थांबलं. जपानमध्ये हिरोशी हातानाका यांनी १९६८ मध्ये वेगळं संयुग घेऊन परत सुरू केलं, मग युताका मिशिमा यांनी १९८७ मध्ये बीपीए नावाचं औषध कातडीच्या मेलॅनोमासाठी वापरलं. हे बीपीए म्हणजे फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाला बोरॉन जोडलेला. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना अमिनो आम्लं जास्त लागतात, त्यांच्या भिंतीवर ती आत ओढून घेणारे दरवाजे जास्त असतात, त्याच दरवाज्यातून हे औषध आत शिरतं. आजही मुख्य औषध हेच आहे.

दुसरी अडचण न्यूट्रॉनची. तो मिळायचा अणुभट्टीतून, आणि अणुभट्टी हॉस्पिटलात ठेवता येत नाही. फिनलंडमध्ये १९९९ ते २०१२ एस्पोच्या छोट्या संशोधन भट्टीवर २०० हून जास्त पेशंटना ही ट्रीटमेंट दिली, क्योटो विद्यापीठाच्या भट्टीवरही बरंच काम झालं. मग ॲक्सिलरेटर आले, म्हणजे प्रोटॉनचा झोत बेरिलियम किंवा लिथियमच्या तबकडीवर आदळवून न्यूट्रॉन काढायचे, आणि हे मशीन हॉस्पिटलच्या इमारतीत बसतं. जपानने मार्च २०२० मध्ये असं मशीन आणि स्टेबोरोनिन या नावाने बीपीए, दोन्हीला मान्यता दिली, जूनपासून तिथल्या सरकारी विम्यातही घेतलं. मान्यता कशासाठी तर ऑपरेशन करता न येणारा, जागच्या जागी वाढलेला किंवा त्याच जागी परत आलेला डोकं-मानेचा कॅन्सर. व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून ही शेवटची ओळ गायब असते.

पायरी १: आपला कॅन्सर या दारातून आत जातो का

बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेवटचा स्कॅन समोर घेऊन बसा आणि प्रामाणिकपणे बघा.

गाठ कुठे आहे? तोंड, घसा, नाकामागची जागा, लाळेच्या ग्रंथी, मान, हे सगळं डोकं-मानेत येतं. आपल्याकडे तंबाखू, मशेरी, गुटखा यांच्यामुळे जे कॅन्सर होतात त्यातले बरेच याच भागातले, म्हणून हा विषय आपल्याला जवळचा. मेंदूची ग्लायोब्लास्टोमा, मेलॅनोमा, अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर) यांच्यावरही ट्रायल्स झाल्यात किंवा चालू आहेत, पण ट्रायल वेगळी आणि रोजची ट्रीटमेंट वेगळी. ब्लड कॅन्सर, पोटाचा, आतड्याचा, पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर, यांच्यासाठी आज इकडे धावण्यात अर्थ नाही.

पसरलाय का? पेट स्कॅनमध्ये फुप्फुस, यकृत, हाडं अशी लांबची ठिकाणं लागली असतील तर एका जागेवर न्यूट्रॉन सोडून बाकीचं तसंच राहतं. हे ऐकायला कठीण आहे मला माहीत आहे, पण लाखो रुपये घालवून परदेशात जाऊन हेच ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं.

किती खोल आहे? न्यूट्रॉन शरीरात शिरताना मंद होत जातात आणि कातडीपासून साधारण ६-७ सेंटीमीटरच्या पुढे पुरेसे पोचत नाहीत. मान आणि चेहरा त्या हिशोबात बसतो म्हणूनच सुरुवात तिथून झाली.

मानेतली मोठी रक्तवाहिनी, कॅरोटिड, गाठीने वेढलीय का? आधी शेक घेतलेल्या मानेत परत रेडिएशन दिल्यावर ही वाहिनी फुटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे स्कॅनच्या रिपोर्टमध्ये "कॅरोटिड एन्केसमेंट" असे शब्द असतील तर त्याच्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. आणि फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असेल त्याला हे औषध चालत नाही, कारण औषध फेनिलॲलॅनिनचंच भावंड आहे.

पायरी २: आधी नेहमीचे पर्याय खरंच संपलेत का

माझं स्पष्ट मत आहे, परत आलेली गाठ ऑपरेशनने पूर्ण निघण्यासारखी असेल तर आधी ऑपरेशन. जबडा काढावा लागेल, चेहरा बिघडेल म्हणून घरचे घाबरतात आणि "त्यापेक्षा जपानला जाऊ" म्हणतात, आणि सहा-आठ आठवडे चौकशीत जाऊन तोपर्यंत गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली असते. गोमेकॉत किंवा तुम्ही जिथे दाखवताय तिथे केस ट्यूमर बोर्डपुढे ठेवायला सांगा, म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून ठरवतात. ऑपरेशन, दुसऱ्यांदा रेडिएशन, केमो, इम्युनोथेरपी, यातलं काय शक्य आहे आणि का नाही हे फाईलवर लिहून घ्या. दुसरं मत हवं तर टाटाला जाताच येतं, कोकणकन्येने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचतो, पण आता नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) आणि 'नव्या' नावाची कंपनी यांच्या सेवेतून रिपोर्ट अपलोड करून ऑनलाइनही तज्ज्ञांचं मत मागवता येतं, पेशंटला त्रास होत असेल तर आधी ते करा.

अजून एक गोंधळ इथेच मिटवतो. चेन्नईत अपोलोचं २०१९ पासून आणि खारघरला टाटाचं, अशी प्रोटॉन थेरपीची सेंटर भारतात आहेत. प्रोटॉन आणि बीएनसीटी या दोन वेगळ्या ट्रीटमेंट आहेत. प्रोटॉनमध्ये बोरॉन नसतो, झोत नेमक्या खोलीवर थांबवतात आणि कोर्स कित्येक दिवस चालतो. कोणी एजंट दोन्ही एकच असल्यासारखं बोलायला लागला तर तिथेच समजा. भारतात बोरॉनच्या संयुगांवर संशोधन चालतं, पण पेशंटला नियमित बीएनसीटी देणारं सेंटर हे लिहीत असताना नाहीय.

पायरी ३: कागद

यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे आधीच्या शेकाचा हिशोब. डिस्चार्जच्या वेळी जी रेडिएशन समरी मिळते ती शोधा. त्यात एक ओळ असते, समजा "६६ ग्रे, ३३ फ्रॅक्शन्स", खाली सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. ग्रे हे डोसचं माप, फ्रॅक्शन म्हणजे किती दिवसांत वाटून दिला, म्हणजे इथे रोजचा २ ग्रे. त्याच्या पुढे कुठे दिला ते असतं, डावी मान, दोन्ही बाजू, वगैरे. तोंडाच्या आतल्या अस्तराने, कातडीने, मणक्यातल्या मज्जारज्जूने आधी किती सोसलंय हे या कागदाशिवाय कळत नाही, आणि बीएनसीटीमध्ये किती वेळ झोत सोडायचा हे गाठ ठरवत नाही, चांगले अवयव किती सहन करतील त्यावर ठरतं. नुसती समरी पुरत नाही, रेडिएशन विभागाला अर्ज देऊन पूर्ण प्लॅनचा डिजिटल डेटा मागा, त्याला डायकॉम-आरटी म्हणतात. नम्रपणे मागितलं तर मिळतो, पण वेळ लागतो म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज द्या आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या.

बाकीचं: बायोप्सीचा रिपोर्ट आणि त्याच्या स्लाइड व ब्लॉक, ऑपरेशन नोट्स, केमोचा तपशील, किडनी-लिव्हरच्या ताज्या टेस्ट, आणि एमआरआय, सीटी, पेट यांची सीडी. फिल्मचे फोटो मोबाइलवर काढून पाठवू नका, त्यावरून कोणीच नीट सांगू शकत नाही. सगळं तारखेप्रमाणे लावा, वर एक पानाचा सारांश इंग्रजीत टाईप करा, आणि ओरिजिनल कोणाच्याच हातात देऊ नका.

पायरी ४: विचारायचं कुठे

जपानमध्ये मान्यताप्राप्त ट्रीटमेंट सुरू झाली ती दोन ठिकाणी, फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामाचं सदर्न तोहोकू आणि ओसाकाजवळ ताकात्सुकीचं कान्साई बीएनसीटी मेडिकल सेंटर. टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरला लिथियमवाल्या मशीनवर ट्रायल्स आहेत. तैवानमध्ये त्सिंग हुआ विद्यापीठाच्या भट्टीवर बरीच वर्षं काम चाललंय, चीनमध्ये शियामेन आणि दक्षिण कोरियातही ॲक्सिलरेटर लागलेत आणि ट्रायल्स झाल्यात. थेट हॉस्पिटलच्या परदेशी पेशंट विभागाला तुमच्या डॉक्टरांकडून रेफरल पत्र पाठवा. मधला माणूस घ्यावाच लागला तर हॉस्पिटलला विचारा की हा तुमचा अधिकृत आहे का.

पत्रात हे प्रश्न असू द्या: आमच्या पेशंटला मान्य ट्रीटमेंट मिळेल की ट्रायल? एफबीपीए पेट करून औषध गाठीत किती जातं ते आधी तपासाल का? (हा फ्लोरिन लावलेल्या बीपीएचा स्कॅन, गाठीने ते ओढलंच नाही तर पुढे जाण्यात अर्थ राहत नाही, आणि तो सगळीकडे होत नाही.) अशा प्रकारच्या किती पेशंटना दिलीय आणि त्यांचं काय झालं? तिथे पोचल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर कोणता खर्च परत मिळेल? शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका.

आकड्यांबद्दल एकच सांगतो. ज्या अभ्यासावर जपानची मान्यता आली त्यात पेशंट २१ होते आणि ७१ टक्के लोकांमध्ये गाठ लक्षात येण्याइतकी कमी झाली किंवा दिसेनाशी झाली. ज्यांचे बाकीचे रस्ते जवळजवळ बंद होते अशा लोकांमध्ये हा आकडा खूप चांगला आहे, मला तो वाचून खरंच आनंद झाला होता. पण २१ म्हणजे २१, आणि गाठ लहान होणं आणि कॅन्सर कायमचा जाणं यात फरक आहे, परत येऊ शकतो.

पायरी ५: पैसे आणि व्हिसा

जपानचा विमा तिथल्या विमाधारकांसाठी, आपल्याला पूर्ण बिल. गोव्याची डीडीएसएसवाय (दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) किंवा सरकारची मेडिक्लेम योजना परदेशातल्या या ट्रीटमेंटला चालेल असं गृहीत धरू नका, आरोग्य संचालनालयात जाऊन लेखी उत्तर घ्या, खाजगी पॉलिसीचंही तसंच. जपानचा मेडिकल व्हिसा वेगळा असतो आणि त्याला तिथली नोंदणीकृत हमीदार संस्था लागते, हे हॉस्पिटलच सांगतं. घर किंवा भाट गहाण ठेवायचा विचार असेल तर लेखी स्वीकारपत्र आणि लेखी अंदाजपत्रक हातात आल्याशिवाय सही करू नका.

पायरी ६: त्या दिवशी काय होतं

आधी एक-दोन दिवस मापं घेणं, चेहऱ्याचा मास्क, सीटी, आणि झोताच्या तोंडासमोर कसं बसायचं किंवा झोपायचं याची तालीम. न्यूट्रॉनचं तोंड भिंतीत पक्कं असतं, ते फिरत नाही, पेशंटलाच त्याच्या अगदी जवळ नेऊन बसवतात, त्यामुळे मान अवघडते. मान वळत नसेल किंवा आडवं झाल्यावर श्वास अडकत असेल तर हे आधीच सांगा.

मग औषध शिरेतून. ६० किलोचा पेशंट धरा. दर किलोला दर तासाला २०० मिलिग्रॅम असं दोन तास, म्हणजे २४ ग्रॅम. मग रक्त काढून त्यात बोरॉन किती आहे ते मोजतात आणि त्यावरून झोत किती वेळ सोडायचा ते ठरतं. झोत चालू असताना औषध निम्म्या वेगाने चालूच राहतं, जास्तीत जास्त एक तास, म्हणजे अजून ६ ग्रॅमपर्यंत. एकूण ३० ग्रॅम, साधारण एक लिटर सलाइनइतकं, आणि त्या एवढ्या औषधात निव्वळ बोरॉन-१० जेमतेम दीड ग्रॅम. झोत साधारण अर्धा ते एक तास. खोलीत पेशंट एकटा, बोलणं माइकवरून. दुखत नाही. आणि बहुतेक वेळा हे एकदाच, म्हणूनच तो "एका दिवसात" वाला मेसेज तयार झाला, पण एका दिवसात ट्रीटमेंट होते, गाठ कमी व्हायला आठवडे-महिने लागतात.

झोतानंतर शरीरात थोडा वेळ किंचित किरणोत्सर्ग राहतो, तो झपाट्याने कमी होतो, किती वेळ लांब राहायचं ते तिथले लोक मोजून सांगतात. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर औषधाचे खडे लघवीत तयार होऊन लघवीतून रक्त येऊ शकतं. तोंडाने जात नसेल तर सलाइनने देतात.

पायरी ७: परत आल्यावर

पहिले दिवस मळमळ, गालाच्या मागे लाळेच्या ग्रंथी सुजणं, रक्तात अमायलेज (लाळेतलं पाचक द्रव्य) वाढणं, मग तोंड येणं, चव जाणं, झोताच्या जागेवरचे केस गळणं, कातडी लाल होणं. तोंड आलं की पेशंट जेवण सोडतो आणि आपल्याकडे लगेच "नुसती पेज द्या" सुरू होतं. पेज द्या, पण त्यात तूप, अंड्याचा बलक, शिजवून वाटलेली डाळ, मासे चालत असतील तर काटे काढून कुस्करलेलं इसवण घाला, तिखट आणि सोलांचं आंबट काही दिवस बंद. वजन आठवड्याला एकदा लिहून ठेवा, सतत घसरत असेल तर जेवणाच्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोला, नळी लावली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. दाताचं काही काम असेल तर ते जाण्यापूर्वीच डेंटिस्टला दाखवून ठरवा, शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड न भरण्याचा त्रास होतो. मानेतून किंवा तोंडातून ताजं रक्त आलं, थोडं जरी असलं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा.

आणि निघण्यापूर्वीच इथला एक डॉक्टर ठरवून ठेवा जो परत आल्यावर बघेल. तिकडून येताना ट्रीटमेंट रिपोर्ट इंग्रजीत मागा, रक्तातलं बोरॉनचं प्रमाण, झोताची वेळ, कोणत्या अवयवाला किती डोस गेला हे त्यात असायला हवं. एक कॉपी गोमेकॉच्या फाईलला, एक घरी, आणि पुढच्या स्कॅनच्या तारखा त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.